खिशातले गाणे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांविषयी आणि ती कानाला लावून एकट्याने गाणी ऐकण्याच्या सवयीविषयी थोडेसे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक साम्य आढळले. पत्राची सुरुवात यंत्रापासून होते, बटण, बॅटरी, आवाज असे काहीतरी विचारलेले असते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत पत्रलेखक आपल्या आयुष्यातील एखाद्या वर्षाविषयी बोलू लागतो. त्यामुळे उत्तरे लिहिताना यंत्र आणि आठवण यांची फारकत करणे मला जमले नाही, आणि ती करावी असेही वाटले नाही. जागेच्या मर्यादेमुळे सहाच पत्रे घेतली आहेत आणि ती थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : कपाट आवरताना मला वीस वर्षांपूर्वीचा माझा प्लेअर सापडला. त्यात साडेसातशे गाणी आहेत. चार्ज केल्यावर तो सुरू झाला आणि त्या रात्री मी दोन तास जागचा हललो नाही. तीच गाणी फोनवर केव्हाही मिळतात आणि बहुधा अधिक स्वच्छ ऐकू येतात, पण फोनवर ती मला अशी कधी भिडली नाहीत. माझे वय आज सत्तेचाळीस आहे. हा निव्वळ मनाचा खेळ समजावा का?

उत्तर : मनाचा आहे यात शंका नाही, परंतु त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द मी काढून टाकीन. आपल्याला जो अनुभव आला त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि त्या रात्री ती एकत्र आली.

पहिले कारण वयाचे. माणसाला स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळाच्या तुलनेत अधिक संख्येने आणि अधिक ठसठशीतपणे पुढे येतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे, आणि त्या वयात ऐकलेल्या गाण्यांच्या बाबतीतही तेच घडते. आपण तो प्लेअर भरला तेव्हा सत्तावीस वर्षांचे होता. त्यातली पुष्कळ गाणी आपण त्याहीपूर्वी, शिकत असताना ऐकलेली असतील आणि पुढे मुद्दाम शोधून त्यात घातली असतील. मेंदूसंशोधक पेट्र जनाटा यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या आठवणींशी जोडलेली गाणी ऐकताना मेंदूचा कपाळामागचा मधला भाग अधिक सक्रिय झालेला दिसला, आणि हाच भाग स्वतःविषयीच्या विचारातही गुंतलेला असतो. गाण्याबरोबर आपली तेव्हाची चाहूलही परत येते, ती यामुळे.

दुसरे कारण संदर्भाचे. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवर, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांवर, केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाणबुड्यांना काठावर येऊन आठवण्यापेक्षा पाण्याखालीच अधिक चांगले आठवले, आणि काठावर पाठ केलेले शब्द काठावर. आपल्या बाबतीत हे पाणी म्हणजे त्या प्लेअरचे तळहातावरचे वजन, अंगठ्याला न बघता सापडणारे बटण, अंधारात उजळणारा लहानसा पडदा आणि मान वळवली की कानाला किंचित ओढ देणारी वायर. ही गाणी आपण पूर्वी या सगळ्यासह ऐकली होती, आणि त्या रात्री पुन्हा या सगळ्यासह ऐकली. फोनवर गाणे एकटेच येते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या प्लेअरमध्ये जागा मोजकी होती. 1998 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या एमपीथ्री प्लेअरमध्ये 32 मेगाबाइट एवढीच जागा होती, म्हणजे नेहमीच्या दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. 2001 मधील पहिल्या आयपॉडमध्ये 5 गिगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तीत सुमारे हजार गाणी मावत. हजार हा आकडा त्या वेळी प्रचंड वाटला, तरी तोही मोजताच येण्याजोगा होता. गाणे घालायचे तर संगणकाशी वायर जोडून बसावे लागे, निवडावे लागे, जागा संपली की कोणते काढायचे याचा निर्णय घ्यावा लागे. आपल्या प्लेअरमधले प्रत्येक गाणे सत्तावीस वर्षांच्या आपण स्वतः, ते हवे आहे असे ठरवून, तेथे ठेवले आहे. मग एके दिवशी हे भरणे थांबले आणि यादी जशी होती तशी राहिली. फोनवरील संगीतसेवेत कोट्यवधी गाणी असतात, ती दररोज बदलतात आणि पुढचे गाणे पुष्कळदा ती सेवाच निवडते. त्या अफाट साठ्यात आपल्या सत्ताविसाव्या वर्षाचा मागमूस नसतो. शिवाय फोन गाण्याच्या मध्येच निरोप पोचवतो, आणि ज्या दोन तासांचा आपण उल्लेख केला त्या दोन तासांत आपल्याला कोणीही हाक मारली नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणून आपल्याला एकच विनंती आहे. त्या प्लेअरमध्ये नवीन गाणी घालू नका. साडेसातशे गाण्यांची यादी एकदा वहीत किंवा संगणकावर उतरवून ठेवा, कारण जुन्या हार्ड डिस्क कसलीही सूचना न देता बंद पडतात. गाणी फोनवर परत मिळतील, ती कोणती होती हे मात्र फक्त त्या यंत्रालाच ठाऊक आहे.

जाता जाता एका शब्दाविषयी. अशा अनुभवाला आपण सहज ‘स्मरणरंजन’ म्हणतो. त्यामागचा ‘नॉस्टॅल्जिया’ हा मूळ शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी घडवला, आणि त्यात घरी परतणे आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. ‘रंजन’ म्हटल्याने त्यातली वेदना गळून पडते. ‘गतकातरता’ हा दुसरा पर्याय कानाला थोडा जड आहे, तरी मला तो अधिक खरा वाटतो.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीने 1988 मध्ये मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली होती. काही गाणी रेडिओवरून आणि काही मैत्रिणींच्या कॅसेटवरून घेतलेली, आणि दोन-तीन ठिकाणी गाण्याआधी तिचा आवाज आहे. मी ती वॉकमनवर अक्षरशः पारायणे केल्यासारखी ऐकली होती. ताई आता हयात नाही. वॉकमन बंद आहे आणि कॅसेटला हात लावायची भीती वाटते. ती जतन कशी करावी?

उत्तर : आजवर आपण ती लावून पाहिली नाही हे फार चांगले झाले. वॉकमन दुरुस्त करून त्यात पहिल्यांदा हीच कॅसेट घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. जुन्या यंत्राची परीक्षा नेहमी अशा कॅसेटवर घ्यावी, जी खराब झाली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही.

आपली भीती अनाठायी नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण 18 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते, नव्वद मिनिटांची साधारण 12 मायक्रॉनच. कॅसेटमधील फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूसाठी जवळजवळ 130 मीटर लांबीची इतकी पातळ फीत त्या डबीत गुंडाळलेली आहे. ती ताणली जाऊ शकते, आणि सैल पडलेले रबरी रूळ तिला ओढून गुंतवू शकतात. म्हणून घाई अजिबात नको.

आधी कॅसेटच्या ज्या कडेला फीत दिसते तिच्या विरुद्ध कडेवरील दोन लहान पाकळ्या मोडलेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर त्या मोडा, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी ताईच्या आवाजावर दुसरे काही भरले जाणार नाही. मग प्रकाशात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी पाहा. तिच्यावर पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, हे काम करणाऱ्या जाणकाराकडे सोपवावी. गुंडाळी स्वच्छ असेल तर फितीच्या मागे पितळी पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा इवलासा तुकडा जागेवर आहे का ते तपासा. तो गळून पडला असेल तर आवाज क्षीण आणि घोगरा येतो, आणि त्या वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या डबीत घालून घ्यावी लागते. षटकोनी पेन्सिल चक्रात घालून दोन-चार वेढे हलकेच फिरवून पाहा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या बोटांना ही क्रिया अजूनही पाठ असेल.

यानंतर एखादा चांगल्या स्थितीतील घरगुती कॅसेट डेक मिळवा. त्याचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी साधी कॅसेट वाजवून खात्री करा आणि मगच ही कॅसेट एकदा पूर्ण पुढे व एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेले वेढे मोकळे होतात. आवाज दबल्यासारखा, पांघरुणाखालून आल्यासारखा वाटला, तर दोष बहुधा फितीचा नसून हेडच्या कलाचा असतो. ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याच्या हेडचा कल आणि या डेकच्या हेडचा कल यांत सूक्ष्म फरक असतो, आणि हेडजवळचा लहान स्क्रू किंचित फिरवून तो जुळवता येतो. झांजेसारखे बारीक स्वर जेथे सर्वांत स्पष्ट येतील तेथे थांबावे. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले उत्तम, पण ते करून घ्याच. पुष्कळ लोक कॅसेटचा आवाज ‘गेला’ असे समजून दबलेल्या आवाजातच ती संगणकावर उतरवतात आणि समाधान मानतात.

संगणकावर घेताना डब्ल्यूएव्ही प्रकारची, सीडीच्या दर्जाची फाइल करावी. तिला मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट लागतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक गिगाबाइटच्या आतच काम होते. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या घरी.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते असे की प्रत्येक बाजू अखंड उतरवा. गाणी वेगवेगळी कापू नका, मधली शांतता काढू नका, रेडिओवरील निवेदकाचे अर्धे तुटलेले वाक्य पुसू नका आणि खरखर काढणाऱ्या सुविधेचा उपयोग मूळ प्रतीवर तर मुळीच करू नका. मी एकदा ही चूक केली आहे. घरातील एका जुन्या ध्वनिफितीची खरखर मी इतक्या उत्साहाने साफ केली की तिच्याबरोबर बोलणाऱ्याचा श्वासही गेला, आणि मूळ फीत तोवर हाताशी राहिली नव्हती. प्रत्येक गाण्याच्या आरंभी जो खट्‌ असा आवाज येतो तो ताईच्या बोटाने दाबलेल्या बटणाचा आहे. गाणी दुसरीकडे मिळतील, तो आवाज जगात या एकाच फितीवर आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती अचानक ऐकून आपण दचकाल. फीत दीर्घकाळ गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरील चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. पातळ फितीत हे अधिक होते. शांततेनंतर ताई बोलायला लागण्याच्या सेकंद-दोन सेकंद आधी तिचेच शब्द अतिशय अस्पष्टपणे ऐकू आले, तर तो फितीचा गुणधर्म आहे, यंत्राचा बिघाड नव्हे. तोही तसाच राहू द्यावा.

वॉकमनविषयी थोडक्यात सांगतो. बहुधा आतला रबरी बेल्ट सैल झाला असेल किंवा वितळून चिकट झाला असेल, आणि तो बदलता येतो. सेल पाझरून पांढरा थर धरला असेल तर अल्कलाइन सेलमधील तो क्षार व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने निघतो. ठेवणीतल्या यंत्रात सेल कधीही ठेवू नयेत.

प्रश्न : माझ्याकडील जुन्या एमपीथ्री 128 केबीपीएस दर्जाच्या आहेत. त्या काढून टाकून त्याच गाण्यांच्या उत्तम दर्जाच्या फाइल घ्याव्यात का?

उत्तर : घ्याव्यात, पण जुन्या काढू नयेत. सीडीवरील ध्वनीला सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट लागतात. आपल्या फाइलमध्ये 128, म्हणजे त्याचा सुमारे अकरावा हिस्सा आहे, कारण मोठ्या आवाजाआड दडून जे स्वर माणसाच्या कानाला बहुधा जाणवत नाहीत ते एमपीथ्रीमध्ये वगळलेले असतात. चांगल्या हेडफोनवर झांजेचा आणि टाळ्यांचा आवाज किंचित पाणचट झालेला ओळखू येतो. तरीही एखाद्या गाण्याचा तो पाणचटपणाच आपल्या कानात बसला असेल, तर जुनी फाइल हीच आपली प्रत आहे. जागा आता मुबलक आहे, दोन्ही राहू द्या.

प्रश्न : मी प्लेअर शफलवर ठेवून ऐकतो. सहाशे गाण्यांत वीस गायक आहेत, तरी एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येतात. यंत्रात काही खोट आहे का? आणि क्रमाने ऐकावे की विस्कटून?

उत्तर : खोट यंत्रात नसून आपल्या सर्वांच्या अपेक्षेत आहे. प्रत्येक गायकाची तीस गाणी धरली, तर पुढचे गाणे त्याच गायकाचे असण्याची शक्यता 599 पैकी 29, म्हणजे जवळजवळ वीसात एक होते. ती लहान वाटते. परंतु तासाभरात तेरा गाणी ऐकली तर लागोपाठच्या बारा जोड्या होतात, आणि त्यांत एकदा तरी असे घडण्याची शक्यता सुमारे 45 टक्के निघते. खरा यदृच्छ क्रम असाच गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येतो. आपल्याला मात्र यदृच्छ म्हणजे नीट विखुरलेले असे वाटते. अशा तक्रारी इतक्या झाल्या की 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाणी वाजवण्याच्या संगणकीय प्रणालीत एकाच कलाकाराची गाणी जवळजवळ येण्याचे प्रमाण ऐकणाऱ्याला ठरवता यावे अशी सोय दिली. म्हणजे क्रम अधिक विस्कटलेला वाटावा म्हणून तो थोडा कमी विस्कटावा लागला.

क्रमाने की विस्कटून, याचे उत्तर आपण कशासाठी ऐकता यावर अवलंबून आहे. चालताना, काम करताना शफल सुखावह असते, कारण ओळखीचेच गाणे अनपेक्षित वेळी भेटते. परंतु आठवण जपायची असेल तर माझे मत निःसंशय क्रमाच्या बाजूने आहे. ज्यांनी एखादी कॅसेट वा सीडी शेकडो वेळा ऐकली आहे त्यांना विचारून पाहा. एक गाणे संपल्यावरच्या शांततेतच पुढच्या गाण्याचा पहिला स्वर त्यांच्या मनात वाजू लागतो. तेच गाणे अन्यत्र ऐकले आणि नंतर भलतेच गाणे लागले, तर पायरी चुकल्यासारखे होते. ही अपेक्षा कोणी मुद्दाम पाठ केलेली नसते, ती त्या यंत्राबरोबर काढलेल्या दिवसांतून तयार होते. शफलवर ऐकलेल्या गाण्यांना असे शेजार मिळत नाहीत. आपल्या सहाशेपैकी पंधरा-वीस गाण्यांची एक यादी करा, तिचा क्रम ठरवा आणि वर्षभर तो बदलू नका. पुढे काय घडते ते आपल्याच कानांना समजेल.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी दिवसभर कानात इअरफोन घालून असते आणि एकच गाणे तीस-चाळीस वेळा ऐकते. तिच्या कानांची काळजी वाटते, आणि आमच्यात बोलणेही कमी झाले आहे. तिला कसे थांबवावे?

उत्तर : कानांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास अशी आहे, आणि मुलांसाठी, तसेच ज्यांना अधिक जपायला हवे त्यांच्यासाठी, तेवढ्याच तासांना 75 डेसिबल. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. 80 वरून 90 वर गेले की 40 तासांचे 4 तास होतात. बहुतेक फोनमध्ये आता ऐकण्याच्या पातळीची नोंद दिसते, ती दोघींनी मिळून पाहावी. लोक आवाज वाढवतात ते पुष्कळदा बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी, त्यामुळे कानात नीट बसणारे इअरफोन घेतले तर कमी आवाजातही गाणे पुरते. कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा बोलणे दबून ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये.

एकच गाणे चाळीस वेळा ऐकण्याविषयी मात्र मी आपल्याला मुलीच्या बाजूने सांगणार आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात ज्या वयाचा उल्लेख केला त्या वयात ती आता आहे. परिचय वाढला की आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. पुढे एका मर्यादेनंतर कंटाळा येतो आणि गाणे आपोआप बाजूला पडते. त्या पहिल्या तीस-चाळीस आवर्तनांत ते गाणे तिच्या आजच्या दिवसांना चिकटत असते. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला या दिवसांकडे जाण्याची वाट कदाचित याच गाण्यातून सापडेल. ते तोडायला लावू नका.

बोलणे कमी झाले याचे दुःख मात्र खरे आहे, आणि ते जुनेही आहे. 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोन लावण्याच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि आतील माइकमुळे शेजारच्याचे बोलणे हेडफोनमध्ये ऐकू येई. एकट्याने ऐकत बसणे शेजारच्याला अपमानास्पद वाटेल, अशी ते बनवणाऱ्यांनाच शंका होती. लोकांनी एकट्याने ऐकणेच पसंत केले आणि ही सोय मागे पडली. पण त्या दोन जागांमागचा विचार आजही उपयोगी पडेल. मुलीला इअरफोन काढायला सांगण्याऐवजी त्यातला एक मागून घ्या, आणि ते गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मधे न बोलता ऐका. संपल्यावर मत देऊ नका, त्यात तिला काय आवडते एवढे विचारा. दुसऱ्या दिवशी आपल्या सोळाव्या वर्षीचे एक गाणे तिला ऐकवा.

प्रश्न : माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही एका लहान प्लेअरवर, एकच हेडफोन दोघांत वाटून, नऊ गाण्यांचा एक संग्रह वारंवार ऐकत असू. त्यानंतर मी तो एकदाही लावलेला नाही. ऐकून ऐकून आठवण झिजेल असे वाटते, आणि न ऐकता ती पुसली जाईल असेही वाटते. काय करावे?

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांत तथ्य आहे, म्हणून मी आपल्याला काळजीपूर्वक उत्तर देऊ इच्छितो.

आठवणीकडे नेणारी खूण जितक्या अधिक गोष्टींशी जोडली जाते तितकी ती कोणत्याही एका गोष्टीकडे नेण्यात दुबळी होते. ही नऊ गाणी आपण रोज, वाटेत, कामात, झोप येण्यासाठी म्हणून लावली, तर काही महिन्यांत ती त्या सगळ्याचीही गाणी होतील, आणि झिजण्याची भीती त्या अर्थाने खरी आहे. दुसरीकडे, जी आठवण कधीच जागी केली जात नाही तिचे तपशील हळूहळू विरतात. प्रसंग राहतो, पण त्या दिवशी हेडफोनची कोणती बाजू कोणाकडे होती हे जाते. म्हणून माझे मत असे आहे की ऐकावे, पण क्वचित आणि ठरवून.

त्याआधी एक करावे. गाणी लावण्यापूर्वीच, आज जे जे आठवते ते लिहून काढावे. आपण कोठे बसत असा, कोणत्या गाण्याला त्या काही बोलत, कोणते गाणे त्यांना पुढे ढकलावेसे वाटे. प्रत्येक वेळी आठवताना आठवणीत सध्याच्या मनःस्थितीचे काहीतरी मिसळते, त्यामुळे पहिले लिखाण गाण्यांनी ढवळून निघण्याआधीचे असावे. मग त्याच प्लेअरवर, त्याच क्रमाने, एका बैठकीत नऊही गाणी ऐकावीत. फोनवर ती लावू नयेत. तेथे ती शोधली तर ती सेवा आपल्याला पुन्हा पुन्हा, नको त्या क्षणी सुचवत राहील. जवळच्या कोणाला तरी आधी सांगून ठेवावे की आज मी ऐकणार आहे. मध्येच थांबवावेसे वाटले तर थांबवावे, उरलेली पुढच्या वेळेसाठी राहतील. नंतरही दिवसेंदिवस झोप न येणे, जेवण न जाणे, कशातच मन न लागणे असे होत राहिले, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी अवश्य बोलावे.

आपण लिहिले आहे की प्लेअर दोन वर्षे बंद आहे. अशा प्लेअरची बॅटरी आता पूर्ण उतरलेली असेल, आणि लिथियमची बॅटरी उतरलेल्या स्थितीत फार काळ राहिली तर कायमची निकामी होऊ शकते. ऐकण्याचे ठरेल तेव्हा ठरेल, पण या आठवड्यात तो बाहेर काढून पाहावा. मागची बाजू फुगलेली दिसली तर चार्जरला लावू नये, बॅटरी बदलून घ्यावी. गाणी बॅटरीत नसतात, त्यामुळे नीट केलेल्या बदलाने त्यांना धोका नाही. बाजू सपाट असेल तर लक्ष ठेवून चार्ज करावे, गाण्यांची एक प्रत संगणकावर घ्यावी, आणि साधारण निम्मी बॅटरी भरलेली असताना प्लेअर बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावा. दर तीन महिन्यांनी त्याकडे एकदा पाहावे, म्हणजे आपण ज्या दिवशी ऐकायचे ठरवाल त्या दिवशी तो सुरू होईल.